फोड शब्दाची कर, कॉलेज सोडू नको

लोणी भापकरला एका पाहुण्याच्या तोंडून बातमी आली. भावाची लेक मेडिकलचं पहिलं वर्ष अर्ध्यावर टाकून घरी यायचं म्हणते. शिक्षण मराठी माध्यमातलं. वायवाला लांबलचक शब्द जिभेवर येत नाहीत. काकांनी त्याच रात्री पत्र लिहिलं. पहिलीच ओळ रागाची : खरंच सोडणार आहेस का?

मग घोकंपट्टीवरून पुतणीची खरडपट्टी. ‘कोलेसिस्टेक्टॉमी’ एका दमात गिळायचा शब्द नव्हे. कोले म्हणजे पित्त, सिस्ट म्हणजे पिशवी, एक्टॉमी म्हणजे कापून काढणं. शेवटी ‘ऑस्टॉमी’ आलं, तर पिशवी जागेवर राहते, तिला फक्त बाहेर वाट करून देतात.

‘ऑफ्थॅल्मॉलॉजी’ची फोड काका दोनदा करतात. जिभेसाठी ऑफ्-थॅल्-मॉ-लॉ-जी. अर्थासाठी ऑफ्थॅल्म म्हणजे डोळा, लॉजी म्हणजे शास्त्र; मधला ‘ओ’ नुसता सांधा. उसाचं बेणं तोडताना डोळा सांभाळतात, तसा शब्द तोडताना अर्थ सांभाळायचा.

ग्रीक शब्द परके म्हणून भ्यायचं, तर त्यांची नातीही बघावीत. ‘ऑस्टिऑन’ अस्थीचं भावंड, ‘ओडोंट’ दंताचं. अ‍ॅनिमियातला ‘अन्’ आपल्या ‘अनादर’मध्येही आहे. ‘हायपर’ म्हणजे ‘उपरि’, ‘हायपो’ म्हणजे ‘उप’. या जोडीपाशी मात्र काकांचा आवाज चढतो : हायपरग्लायसेमियात साखर वाढलेली, हायपोग्लायसेमियात उतरलेली. उतरलेल्या साखरेत इन्सुलिन दिलं, तर रोगी दगावू शकतो. म्हणून प्रत्येक अक्षर मोठ्यानं म्हण. आणि सांग, खरंच सोडणार आहेस का?

कल्याणच्या आनंदीबाई जोशींनी 1886 साली अमेरिकेत, परक्या भाषेत शिकून डॉक्टरकीची पदवी घेतली, याची आठवण काका देतात आणि एकाएकी स्वतःकडे वळतात. त्यांनी शास्त्र शाखा सोडली, ती इंग्रजी शब्दांच्या धास्तीनं. घरी सांगितलं, शेताकडे बघायला कुणी नाही. पुतणीच्या वडलांना हे अजून ठाऊक नाही.

पुढे अक्षर मऊ होतं. मेसचं जेवण अंगी लागतं का? रात्री जागतेस किती? तुझ्या आईला मी काही बोललो नाही, तूही बोलू नको.

“शनिवारी ये. मल्लिकार्जुनाच्या देवळात जाऊ, पुष्करणीपाशी बसू. रडायचं तर रड, पोरी. मी काही म्हणणार नाही. येताना तो शब्दांचा गठ्ठा घेऊन ये, दोघं मिळून फोडू. पण सोमवारी सकाळच्या एसटीनं कॉलेजला परत जा. सोडायला मी येतो.”