एकाच पक्षाची सत्ता आणि राज्याची तिजोरी

व्यापारातला जुना नियम आहे की, ज्याच्या हाती गल्ला त्याच्याच हाती खातेवही देऊ नये. सूरह बकराच्या २८२ व्या आयतीत उधारीचा व्यवहार लिहून ठेवण्याचा व त्यावर साक्षीदार घेण्याचा हुकूम आहे. राज्याच्या कारभारात सत्ताधारी पक्ष हा व्यवहार करणारा आणि विरोधी पक्ष हा साक्षीदार. साक्षीदारच दुबळा असला तर काय होते, ते आपल्या कापसाच्या मुलखात राहून आम्हा व्यापाऱ्यांना चांगले समजते.

१९६० ते १९९५ या काळात, १९७८-८० मधील पुलोद सरकार व नंतरची राष्ट्रपती राजवट सोडली तर, महाराष्ट्रात काँग्रेसचेच राज्य होते. १९७२ साली विधानसभेच्या २७० पैकी २२२ जागा त्या पक्षाकडे होत्या. अशा सत्तेचा एक फायदा असतो. धोरण मधेच मोडत नाही. १९७२ च्या दुष्काळातून रोजगार हमी योजना उभी राहिली. तिच्या खर्चासाठी १९७५ साली व्यवसाय कर आला. खर्चाची बाब ठरली आणि तिच्यासाठी उत्पन्नाची बाबही ठरली. हा हिशोब चोख होता.

कापूस एकाधिकार खरेदीत मात्र असा हिशोब राहिला नाही. ही योजना १९७२ च्या हंगामात सुरू झाली. मानवत, सेलू, जिंतूरच्या शेतकऱ्याने कापूस सरकारी योजनेलाच विकायचा, खाजगी व्यापाऱ्याने घ्यायचा नाही, असा कायदा होता. बाहेर भाव चढला की कापूस चोरून आंध्राकडे जाई. भाव पडला की सगळा माल खरेदी केंद्रावर येई. म्हणजे नफ्याच्या साली माल नाही आणि तोट्याच्या साली गोदामे भरलेली. तूट शेवटी सरकारच्या माथी आली. शिवाय चुकारे रखडले की बाजारपेठ थंड पडे व दुकानदाराची उधारी वाढे.

येथे सरकारी हमी म्हणजे काय ते समजून घ्यावे. खरेदीसाठी कर्ज बँक देते आणि जामीन सरकार राहते. आपण याला कफालत म्हणतो. जामीन राहताना खिशातून पैसा जात नाही, म्हणून अर्थसंकल्पात तो खर्च दिसत नाही. कर्जदाराने हात वर केले की मात्र तो दिसतो. विचारणारा कोणी नसला तर सही करणाऱ्याचा हात सैल होतो.

वाटपाचेही तसेच झाले. १९८४ च्या दांडेकर समितीने राज्याचा अनुशेष सुमारे ३,१८७ कोटी रुपये काढला, त्यात मराठवाड्याचा सुमारे ७५१ कोटी होता. सत्ता एकाच घरात असली तरी सर्व भावांच्या ताटात सारखे पडतेच असे नाही.

मग पक्ष बदलला की दुखणे बरे होते काय? नाही. १९९५ साली युतीचे राज्य आले, तरी एकाधिकार योजना चालूच राहिली. १९९६ साली कृष्णा खोरे महामंडळ स्थापन झाले व त्याने सरकारच्या हमीवर रोखे विकून कर्ज उभे केले. म्हणून दोष एका पक्षाचा नाही, बिनतपासणीच्या वहीचा आहे. २००५ साली राज्याने वित्तीय शिस्तीचा कायदा केला, पण कायदा वाचणारा व विचारणारा लागतोच.

२०२४ च्या निवडणुकीत महायुतीला २८८ पैकी २३० जागा मिळाल्या. विरोधातील एकाही पक्षाला २९ जागासुद्धा मिळाल्या नाहीत. त्याच वर्षी लाडकी बहीण योजनेत दरमहा १,५०० रुपये सुरू झाले. तो पैसा कापडाच्या दुकानातही येतो, हे आम्ही नाकारत नाही. पण त्यासाठी पैसा कोठून येतो, हे विचारणे म्हणजे योजनेला विरोध करणे नव्हे.

तेव्हा व्यापारी व कारागीर बांधवांनी अर्थसंकल्पाच्या वेळी आपल्या आमदाराला तीन प्रश्न जरूर विचारावेत. उत्पन्नातील किती रक्कम पगार, निवृत्तिवेतन व व्याजात जाते? सरकार किती रकमेला जामीन आहे? आणि परभणीच्या नावाने मंजूर झालेल्यांपैकी खरोखर खर्च किती झाले? कर आपण भरतो. तिजोरी ही अमानत आहे, आणि अमानतीचा हिशोब मागणे हा आपला हक्क आहे.