जमण्याआधी वाजवू द्या

मूल घरात काही वाजवायला लागलं की आपल्या तोंडून पहिल्यांदा निघतं, ‘हळू!’ मग ‘अभ्यास झाला का?’ आणि चार महिने गेले की, ‘परीक्षेला कधी बसवणार आहेत सर?’ यात कुणाचा हेतू वाईट नसतो. ऑफिसातून डोकं भणभणत घरी यावं, कुकर लावावा, उद्याच्या डब्याची भाजी निवडावी आणि त्याच वेळी आतल्या खोलीतून एकच सूर चाळीसदा चुकीचा ऐकू यावा, तर कुणाचाही धीर सुटेल.

म्हणून आज एका बँडची गोष्ट सांगावीशी वाटतेय. बँड लॉस एंजेलिसमधल्या चार मुलींचा आहे. नाव ‘द लिंडा लिंडाज’. मिला आणि लुसिया डे ला गार्झा या सख्ख्या बहिणी, एलॉइझ वाँग ही त्यांची नात्यातली बहीण आणि बेला सालाझार ही घरोब्यातली मैत्रीण. 2018 मध्ये त्या पहिल्यांदा एकत्र वाजवायला उभ्या राहिल्या, तेव्हा मिला दुसरी-तिसरीतल्या मुलीएवढी होती आणि सर्वांत मोठी बेला आपल्याकडच्या आठवीतल्या मुलीएवढी.

या मुली पंक वाजवतात. हा शब्द ऐकून घाबरू नका. पंक हे रॉक संगीताचं एक रांगडं अंग, 1970 च्या दशकात न्यूयॉर्क आणि लंडनमध्ये रुजलेलं. गाणी छोटी, आवाज मोठा, म्हणणं थेट. गिटारवर तीन कॉर्ड येत असतील तर उभं राहा आणि वाजवा, एवढी साधी त्याची रीत. आधी दहा वर्षं शिका आणि मग लोकांसमोर या, असं तिथे कुणी सांगत नाही. आपल्या शास्त्रीय संगीताची शिस्त मला मनापासून प्रिय आहे. तरीही हा दुसरा रस्ता लहान मुलांसाठी फार दयाळू आहे, असं मला वाटतं.

सुरुवात कशी झाली, ते ऐका. क्रिस्टिन कंट्रोल नावाच्या गायिकेने लॉस एंजेलिसमधल्या ‘गर्लस्कूल’ या स्त्री-संगीतकारांच्या महोत्सवासाठी मुलांचा एक जथा जमवला. त्यातल्या बहुतेकांना वाद्याची फारशी ओळखही नव्हती. जुनी गाजलेली गाणी बसवायची आणि मंचावर जाऊन वाजवायची, इतकंच ठरलं होतं. या चौघी तिथे होत्या. कार्यक्रम संपला, जथा पांगला, पण या चौघींना थांबावंसं वाटेना. नाव त्यांनी एका जपानी सिनेमावरून घेतलं. 2005 च्या ‘लिंडा लिंडा लिंडा’ या सिनेमात शाळकरी मुली शाळेच्या उत्सवासाठी घाईघाईने एक बँड उभा करतात.

म्हणजे वाजवता येऊ लागलं म्हणून बँड झाला, असं घडलंच नाही. बँड होता म्हणून वाजवता येऊ लागलं. सोबतीला बहीण आहे, मैत्रीण आहे, अमुक तारखेला मंचावर जायचंय, या ओढीने बोटं वळत गेली. आपण मात्र नेमकं उलट सांगतो. आधी नीट शिक, मग मित्रांबरोबर वाजव. एकट्याने, बंद खोलीत, घड्याळ लावून सराव कर म्हणतो आणि मूल दोन महिन्यांत कंटाळलं की ‘याच्यात चिकाटीच नाही’ असा शिक्का मारून मोकळे होतो. क्लासची फी भरलेली असते, त्यामुळे जीव जास्तच तुटतो. पण त्या मुलाला कदाचित सोबत हवी असते, बाकी काही नाही.

तुम्ही म्हणाल, त्यांच्या घरातच संगीत असेल. आहेच. मिला-लुसियाचे वडील कार्लोस डे ला गार्झा हे संगीत-निर्माते आहेत, एकेकाळचे ड्रमवादक. एलॉइझचे वडील मार्टिन वाँग हे ‘जायंट रोबोट’ या आशियाई-अमेरिकी संस्कृतीवरच्या मासिकाचे एक संस्थापक. ही अनुकूलता नाकारण्यात अर्थ नाही. घरात ड्रम असणं आणि ड्रम विकत घ्यावा लागणं यात फरक असतोच.

पण मला त्या आईवडिलांचं दुसरंच एक काम जास्त जवळचं वाटतं. लॉस एंजेलिसच्या चायनाटाउनमधल्या कॅस्टेलार या प्राथमिक शाळेत संगीत शिकवायला पैसे नव्हते. एलॉइझच्या आईवडिलांनी त्यासाठी ‘सेव्ह म्युझिक इन चायनाटाउन’ या नावाने पंक कार्यक्रम भरवायला सुरुवात केली. कार्यक्रम दुपारचे, म्हणजे पोरंबाळं घेऊन येता यावं असे. बाजूला घरी भाजलेले केक-बिस्किटं विकायला, जमलेला पैसा शाळेला. 1970 च्या दशकाच्या अखेरीस याच चायनाटाउनमधल्या हाँगकाँग कॅफे आणि मादाम वाँग्ज या उपाहारगृहांत पंक बँड वाजवत असत. तो धागा या माणसांनी उचलला आणि शाळेच्या दारापर्यंत आणला. एलॉइझ असल्या दुपारींमध्ये वाढली. मोठी माणसं चुकत, हसत, घामाघूम होत वाजवताना तिने जवळून पाहिली. पुढे लिंडा लिंडाजही तिथे वाजवू लागल्या.

आपली मुलं मोठ्यांना चुकताना कितीशी पाहतात? आपण त्यांना तयार झालेलं दाखवतो. टीव्हीवरच्या स्पर्धेतला सात वर्षांचा गायक दाखवतो आणि म्हणतो, बघ, तुझ्याएवढाच आहे. मूल बघतं आणि हार्मोनियम बंद करून ठेवतं. त्यापेक्षा गल्लीतल्या गणेशोत्सवाच्या कार्यक्रमात बेसूर का होईना, पण हौसेने गाणारे शेजारचे काका त्याला जास्त धीर देतील.

आता या गोष्टीतला अवघड भाग. मला त्यावर सगळ्यात जास्त बोलायचंय.

2020 मध्ये कोरोनामुळे शाळा बंद होण्याच्या जरा आधी मिलाच्या वर्गातला एक मुलगा तिच्याकडे आला. चिनी लोकांपासून लांब राहायला बाबांनी सांगितलंय, असं म्हणाला. मिला म्हणाली, मी चिनीच आहे. तो मागे सरकला. बास, एवढंच घडलं. मारामारी नाही, शिवीगाळ नाही. शाळेच्या वहीत ‘किरकोळ’ म्हणून नोंदही झाली नसती.

असं काही आपल्या मुलाच्या बाबतीत घडलं की आपण काय करतो? एक तर ‘जाऊ दे, लक्ष देऊ नकोस’ म्हणतो, नाहीतर तावातावाने पालकांच्या ग्रुपवर लिहितो. दोन्ही मायेपोटीच. पण दोन्हींत मुलाच्या हातात काहीच उरत नाही. त्याला झालेली जखम एक तर आपण झाकतो, नाहीतर आपली करून टाकतो. त्याला नेमकं कसं वाटलं, हा प्रश्न राहून जातो.

मिलाच्या मनातून ते गेलं नाही. पुढे तिने आणि एलॉइझने मिळून त्यावर गाणं केलं, ‘रेसिस्ट, सेक्सिस्ट बॉय’. मे 2021 मध्ये लॉस एंजेलिस सार्वजनिक ग्रंथालयाच्या सायप्रस पार्क शाखेत, पुस्तकांच्या कपाटांमध्ये उभं राहून चौघींनी ते वाजवलं. मिला तेव्हा 10 वर्षांची होती. तिने आधी शांतपणे तो प्रसंग सांगितला आणि मग ड्रमवर काठ्या पडल्या. ग्रंथालयाने ते चित्रण सगळ्यांसाठी खुलं केलं आणि ते जगभर पोचलं. त्याच महिन्यात एपिटाफ या नावाजलेल्या पंक रेकॉर्ड कंपनीने त्यांच्याशी करार केला.

मुलीने ओरडणं आपल्याला चालत नाही, खरं सांगायचं तर. मुलगा चिडला तर ‘तापट आहे’ म्हणून सोडून देतो, मुलगी चिडली तर तिला लगेच गप्प करतो. पण राग कुठे तरी जायला हवाच. या मुलींच्या रागाला ठेका मिळाला, शब्द मिळाले आणि शेजारी उभ्या असलेल्या तिघी मिळाल्या. तुमच्या मुलीला कदाचित गाणं नको असेल. कबड्डीचं मैदान हवं असेल, नाहीतर एक वही. ती चिडून घरी आली तर पाच मिनिटं सल्ला न देता तिच्याजवळ बसून बघा. फार अवघड जातं, पण बघा.

आणि त्या दुसऱ्या मुलाचाही विचार मनातून जात नाही. त्याने ते वाक्य घरून आणलं होतं. कदाचित त्याचे बाबा भेदरलेले असतील, दिवसच तसे होते. जेवताना आपणही किती काय बोलून जातो. कुणाच्या जातीबद्दल, रंगाबद्दल, गावाबद्दल, नव्या भाडेकरूंबद्दल. दमलेलो असतो, शब्द सुटतात, आपण विसरतोही. मूल मात्र ते दप्तरात घालून शाळेत नेतं. जेवणाच्या पानावर तरी आपण थोडं जपून बोलू या.

त्या गाण्याच्या कितीतरी आधी, 2019 मध्ये, बिकिनी किल या गाजलेल्या बँडने या मुलींना हॉलिवूड पॅलेडियममध्ये आपल्या आधी वाजवायला बोलावलं होतं. 2022 मध्ये ‘ग्रोइंग अप’ हा त्यांचा पहिला अल्बम आला. तो वडिलांनी, म्हणजे कार्लोस यांनी, ध्वनिमुद्रित केला. त्यात मोठे विषय आहेत, तसंच बेलाच्या मांजरावरचं एक गाणंही आहे, निनो नावाच्या. मला ते फार आवडलं. गाणं कशावर करायचं, हे मुलांनीच ठरवलं की त्यात मांजर येणारच, आणि यायला हवं. 2024 मध्ये दुसरा अल्बम आला, त्याच वर्षी ग्रीन डेसारख्या मोठ्या बँडच्या आधी त्या मैदानभर लोकांसमोर वाजवत होत्या.

आपल्या मुलांनी तिथवर पोचावं म्हणून मी हे सांगत नाहीये. बहुतेक मुलांचे बँड दोन महिन्यांत मोडतात, भांडणं होतात, गिटार माळ्यावर जाते. जाऊ दे. तेवढ्या दोन महिन्यांत ती एकमेकांचं ऐकायला शिकलेली असतात.

शेजाऱ्यांची काळजी मलाही असते. दुपारच्या झोपेची वेळ टाळून, आधी जाऊन सांगितलं तर बहुतेक शेजारी समजून घेतात. मूल वाजवत असताना लगेच मोबाइल काढून चित्रण करू नका, ते अवघडतं. परीक्षेचं तर पहिलं वर्षभर नावच नको.

आणि येत्या सुट्टीत मामे-चुलत भावंडं जमली की त्यांना एक खोली आणि रोजची दोन तासांची मोकळीक देऊन बघा. गिटार नसेल तर डबे चालतील. काय बसवताय, म्हणून सारखं आत डोकावू नका. तयार झालं की ती स्वतःच बोलवायला येतील. तेव्हा हातातलं काम ठेवा आणि जाऊन समोर बसा.