पांढरें मांजर व त्याची निगा

मांजर ठाऊक नाहीं असा विद्यार्थी आपल्या शाळेंत सांपडावयाचा नाहीं. परंतु जो प्राणी रोज दृष्टीस पडतो, त्याकडे आपण नीट पाहिलेलें असतेंच असें नाहीं. या गोष्टीचा प्रत्यय मला गेल्या उन्हाळ्याच्या सुटींत बेंबळीस आला.

बेंबळी हें धाराशिव तालुक्यांतील गांव. तेथें आमच्या नात्यांतील एका शेतकऱ्याच्या घरीं, धान्याच्या खोलींत उंदीर होऊं नयेत म्हणून एक मांजरी पाळलेली आहे. तिला झालेल्या चार पिल्लांपैकीं एक पिल्लूं नखशिखांत पांढरें निघालें. त्याचा एक डोळा निळा व दुसरा पिवळा. घरच्या मुलींनीं त्याचें नांव मनी ठेविलें. दोन महिने तिचें मोठें कौतुक झालें. पुढें मात्र तक्रारी सुरू झाल्या. हांक मारली तर मनी येईना. ताटाजवळून ओरडून हांकलली तर हालेना. एकदां तर अंगणांत ट्रॅक्टर शिरत असतां ती वाटेंतच स्वस्थ निजून राहिली. घरच्या आजी मला म्हणाल्या, "किती हांका मारा, ढुंकून पाहत नाही. रूप आहे, पण ऐकायचं नांव नाही. बाजारच्या दिवशीं देऊन टाकते कुणाला तरी."

मीं मनीच्या पाठीमागें चार हातांवर उभा राहून किल्ल्यांचा जुडगा वाजविला. तिचीं भावंडें दचकून वळलीं. मनीचा कान हललासुद्धां नाहीं. ती हट्टी नव्हती. तिला ऐकूंच येत नव्हतें.

हें कसें घडतें तें समजून घेण्यासारखें आहे. मांजराच्या कातडीस, केसांस व डोळ्यांस रंग देणाऱ्या सूक्ष्म पेशी, पिल्लूं आईच्या पोटांत असतांना पाठीच्या बाजूनें निघून सर्व शरीरभर पसरतात. केआयटी या नांवाच्या जनुकांत एक विशिष्ट फरक असला म्हणजे त्यांचा हा प्रवास अपुरा राहतो व मांजर सर्वांगीं पांढरें होतें. हा फरक कोणता, हें २०१४ सालीं शास्त्रज्ञांनीं दाखवून दिलें. तेव्हां पांढरा हा या मांजराचा मूळ रंग नसून, मूळ रंगावर पडलेला तो पडदा आहे. कित्येक पांढऱ्या पिल्लांच्या डोक्यावर जन्मतः एक काळसर ठिपका असतो व तीं मोठीं होतां होतां तो नाहींसा होतो. ती आंतल्या रंगाचीच खूण होय.

याच रंगपेशी कानाच्या आंतील भागासही लागतात. तेथील द्रवांत क्षारांचें योग्य प्रमाण राखण्याचें काम त्या करतात. त्या तेथें पोंचल्या नाहींत तर जन्मानंतर थोड्याच दिवसांत ध्वनि ग्रहण करणाऱ्या पेशी नष्ट होतात व पिल्लूं कायमचें बहिरें होतें. निळ्या डोळ्यांच्या पांढऱ्या मांजरांच्या बहिरेपणाचा उल्लेख चार्ल्स डार्विन यानें १८५९ सालच्या आपल्या प्रसिद्ध ग्रंथांत केला आहे. पुढील पाहण्यांत असें आढळलें कीं, एकही डोळा निळा नसलेल्या पांढऱ्या मांजरांपैकीं शेंकडा १७ ते २२, एक डोळा निळा असलेल्यांपैकीं सुमारें ४०, आणि दोन्ही डोळे निळे असलेल्यांपैकीं ६५ ते ८५ मांजरें बहिरीं असतात. एकच कान बहिरा असला तर तो बहुधा निळ्या डोळ्याच्या बाजूचा असतो.

सर्वस्वीं पांढऱ्या मांजरांची एक स्वतंत्र व दुर्मिळ जात सयाम देशांत, म्हणजे आजच्या थायलंडांत आहे. तिचें नांव खाव मणी. खाव म्हणजे पांढरा. आणि मणी हा शब्द संस्कृत 'मणि' या शब्दापासूनच तिकडे गेलेला आहे. म्हणजे या मांजराचें नांवच मुळीं 'श्वेतरत्न'. त्याचे केस आखूड व अंगाबरोबर बसणारे असून डोळे निळे, पिवळे, हिरवे, किंवा मनीप्रमाणें दोन निरनिराळ्या रंगांचे असतात. ही जात १९९९ सालीं अमेरिकेंत नेण्यांत आली, आणि २०१५ सालीं मांजरांच्या एका आंतरराष्ट्रीय संस्थेनें तिला आपल्या प्रदर्शनांतील स्पर्धांत पूर्ण स्थान दिलें. तुर्कस्तानांतील लांब केसांची पांढरी अंगोरा ही अशीच एक जुनी जात. अंकारा येथील प्राणिसंग्रहालयानें ती जतन केली. तेथून १९६२ सालीं एक जोडी अमेरिकेंत गेली.

बेंबळीची मनी या जातींपैकीं नव्हे. जात म्हणजे वंशावळ ठेवून पिढ्यान्‌पिढ्या राखलेला वंश. केवळ पांढऱ्या रंगानें जात ठरत नाहीं. म्हणून कोणी पांढरें पिल्लूं 'परदेशी जातीचें' म्हणून मोठ्या किंमतीस विकूं लागल्यास पालकांनीं सावध राहावें. तथापि राजवाड्यांतील असो कीं शेतकऱ्याच्या ओसरीवरील असो, पांढऱ्या मांजराच्या अडचणी सारख्याच, व निगाही सारखीच. ती थोडक्यांत सांगतों.

पहिली गोष्ट कानांची. पिल्लूं दीड-दोन महिन्यांचें झालें म्हणजे वर सांगितल्याप्रमाणें त्याची परीक्षा करावी. आपली सावली त्याच्या पुढें पडूं नये, वारा लागूं नये व जमीन हादरूं नये, नाहीं तर त्यावरूनच तें वळेल. बहिऱ्या मांजरास एकटें रस्त्यावर जाऊं देऊं नये. त्यास कुत्र्याची चाहूल लागत नाहीं कीं गाडीचा आवाज कळत नाहीं. निजलें असतां त्यास एकदम हात लावूं नये. समोरून जावें, अथवा जमिनीवर हलकेंच थाप द्यावी. हाताची ठराविक खूण तें लवकर शिकतें.

दुसरी गोष्ट उन्हाची. आपल्याकडे एप्रिल-मे महिन्यांत पारा चाळिशी ओलांडतो. पांढऱ्या मांजराच्या कानांच्या टोकांस व नाकास रंगाचें संरक्षण नसतें. तीं प्रथम लाल होतात, मग खपली धरते, आणि वर्षानुवर्षें असें होत राहिल्यास तेथें कर्करोग होऊं शकतो. म्हणून सकाळीं दहा ते दुपारीं चार त्यास सावलींत ठेवावें, व बरी न होणारी जखम दिसतांच पशुवैद्यास दाखवावी.

तिसरी गोष्ट आहाराची. मांजर हा मांसाहारी प्राणी. टॉरिन नांवाचें द्रव्य त्यास मांसांतूनच पुरेसें मिळतें. तें न मिळाल्यास दृष्टि व हृदय दोन्ही बिघडतात. भाकरींत तें नाहीं व दुधांत अगदीं थोडें. शिवाय पुष्कळशा मोठ्या मांजरांस दूध पचत नाहीं. तेव्हां हाडें काढलेलें शिजविलेलें मांस किंवा मासळी, आणि जवळ नेहमीं स्वच्छ पाणी असावें. कांदा व लसूण घातलेला रस्सा देऊं नये. आपल्या तापावरची पॅरासिटामॉलची गोळी तर कदापि देऊं नये. एका गोळीनेंही मांजर दगावतें.

चौथी गोष्ट रोगप्रतिबंधाची. तीन महिन्यांच्या सुमारास रेबीजची लस टोचून घ्यावी व पुढें पशुवैद्य सांगतील त्याप्रमाणें ती चालू ठेवावी. मांजर चावलें वा त्यानें ओरखडलें तर जखम साबण-पाण्यानें पंधरा मिनिटें धुवून दवाखान्यांत जावें. घरीं लपवूं नये. बहिऱ्या मांजराची वीण वाढवूं नये, म्हणून पांच-सहा महिन्यांच्या सुमारास त्याचें निर्बीजीकरण करून घ्यावें. जवळच्या गुरांच्या दवाखान्यांत विचारावें. अधिक उपचारांसाठीं आपल्या भागास उदगीरचें पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे.

मनीला बाजारांत नेण्यांत आलें नाहीं. सुटी संपवून मी निघालों त्या दिवशीं आजी स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशीं उभ्या होत्या. त्यांनीं हांक मारली नाहीं. पायानें जमिनीवर दोनदां ठोकलें. ओसरीवर निजलेली मनी उठली, व शेंपटी उभारून त्यांच्याकडे चालत गेली.

विद्यार्थिमित्रहो, वर्गांतही एखादा मुलगा विचारलेल्या प्रश्नाचें उत्तर देत नाहीं, हांकेसरशी वळत नाहीं, व आपण त्यास मठ्ठ किंवा उर्मट ठरवून मोकळे होतों. ज्याला आपण ऐकत नाहीं म्हणून दोष देतों, त्याला ऐकूं येतें कीं नाहीं, एवढें आधीं पाहावें. पालकांसही माझी हीच विनंती आहे.