शोक, संगीत आणि रसविघ्न : एका दूरचित्रवाणी मालिकेच्या प्रेक्षक-प्रतिसादाचा विचार

शोकासारख्या दुःखद भावापासून आनंद कसा होतो, हा प्रश्न मराठी समीक्षेत वारंवार चर्चिला गेला आहे. न. चिं. केळकरांची सविकल्प समाधीची कल्पना, के. ना. वाटवे यांचा ‘रसविमर्श’ अशा अनेक ठिकाणी त्याचा ऊहापोह आढळतो. या प्रश्नाची एक बाजू प्रयोगातील संगीताशी निगडित आहे. प्रेक्षकाला शोकाचा आस्वाद घेता यावा म्हणून संगीत आवश्यक असते काय? ‘बफी द व्हँपायर स्लेअर’ (१९९७-२००३) या अमेरिकन मालिकेतील दोन भागांच्या आधारे या बाजूचा विचार करणे, हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे. दोन्ही भाग २००१ मध्ये प्रसारित झाले आणि दोहोंचे लेखन-दिग्दर्शन जॉस व्हेडन यांचे आहे. मात्र एकात पार्श्वसंगीत मुळीच नाही, तर दुसऱ्यात पात्रे गाऊनच बोलतात.

भरताने गीताला नाट्याची शय्या मानले आहे. अभिनवगुप्ताने सात रसविघ्ने सांगितली; त्यांपैकी एक म्हणजे प्रेक्षकाने स्वतःच्या सुखदुःखाच्या अधीन होणे. घरचा शोक मनात घेऊन आलेला प्रेक्षक रंगमंचावरील शोकाशी तन्मय होऊ शकत नाही. या विघ्नावर अभिनवगुप्त जे उपाय सांगतो त्यांत वाद्य आणि गान यांना महत्त्वाचे स्थान आहे. संगीत प्रेक्षकाला त्याच्या खाजगी दुःखातून सोडवते आणि साधारणीकरणाची वाट मोकळी करते, असा याचा आशय आहे.

२७ फेब्रुवारी २००१ रोजी प्रसारित झालेल्या ‘द बॉडी’ या भागात नेमका हाच उपाय नाकारलेला दिसतो. नायिका बफी घरी येते आणि तिला कोचावर आईचा मृतदेह दिसतो. हा मृत्यू कोणा अमानुष शक्तीमुळे नव्हे, तर आजारामुळे आलेला आहे. त्यामुळे राक्षसांशी झुंजणारी नायिका येथे सर्वस्वी असहाय ठरते. तिचा फोन, तिने दिलेला कृत्रिम श्वास, रुग्णवाहिकेतील माणसांची व्यावसायिक भाषा हे सारे संगीताविना घडते. धाकट्या बहिणीला शाळेत ही वार्ता कळते तेव्हा प्रेक्षकाला ती काचेपलीकडून, शब्द ऐकू न येता, केवळ दिसते. हजाराहून अधिक वर्षे जगलेली, पूर्वी राक्षसी असलेली अन्या मृत्यू म्हणजे काय ते मला कोणी सांगत का नाही, असे बालसुलभ प्रश्न विचारते.

या भागाला लाभलेल्या प्रतिसादात एक गोष्ट ठळकपणे जाणवते. आई-वडिलांचा मृत्यू अनुभवलेल्या अनेक प्रेक्षकांना यात स्वतःचेच पहिले काही तास दिसले. व्हेडन यांनी स्वतःच्या आईचा मृत्यू अनुभवला होता. मृत्यूनंतरच्या पहिल्या तासांतील बधिरता आणि कंटाळवाणेपणा दाखवावा, कोणताही दिलासा देऊ नये, अशी त्यांची भूमिका होती. तरीही आपल्या दुःखाला सामोरे जाण्यास या भागाने मदत केली, असे प्रेक्षकांनी त्यांना सांगितले. दिलासा नाकारणाऱ्या कृतीतून दिलासा मिळाला, हा विरोधाभास विचारार्ह आहे.

अभिनवगुप्ताच्या भूमिकेतून पाहता येथे एक आक्षेप संभवतो. प्रेक्षकाला स्वतःची आई आठवली असेल तर तो रसास्वाद नव्हे, रसविघ्नच होय. या आक्षेपात तथ्य आहे. काही प्रेक्षकांच्या बाबतीत तसे घडलेही असेल. परंतु निजदुःखाच्या अधीन होणे आणि निजदुःख ओळखणे या दोन भिन्न अवस्था आहेत. अधीन झालेला प्रेक्षक कलाकृतीपासून दूर जातो. ओळखणारा तिच्या रूपाकडे अधिक लक्षपूर्वक पाहतो. ही ओळख या भागात रचनेतून साधली आहे. दूरवर खेळणाऱ्या मुलांचे आवाज, लांबलेली स्तब्धता, चौकटीच्या कडेला उरलेली रिकामी जागा यांची योजना हेतुपुरस्सर आहे. शाळेच्या चित्रकलेच्या तासाला मुली वस्तूभोवतीचा अवकाश रेखाटत असतात, हा तपशीलही त्याच योजनेचा भाग होय. संगीताने करावयाचे कार्य येथे मौनाच्या रचनेने केले आहे.

६ नोव्हेंबर २००१ रोजी प्रसारित झालेला ‘वन्स मोअर, विथ फीलिंग’ हा भाग याच्या दुसऱ्या टोकाला आहे. एका राक्षसाच्या प्रभावाने गावातील माणसे गाऊ लागतात आणि मनात दडवलेले सत्य गाण्यातून बाहेर पडते. मित्रांनी मृत्यूतून परत आणलेली बफी, आपल्याला स्वर्गसुखातून ओढून काढले गेले, ही वेदना गाण्यातच उघड करते. येथील प्रेक्षक-प्रतिसाद सामूहिक आहे. अमेरिकेतील चित्रपटगृहांत या भागाचे असे खेळ होत, की त्यांत प्रेक्षक पात्रांसमवेत गात. २००७ मध्ये हक्कांच्या प्रश्नावरून ते थांबले. नायिकेच्या निराशेचे गाणे शेकडो कंठांतून उल्हासाने गायिले जात होते.

मराठी वाचकाला हे दृश्य अपरिचित वाटू नये. ‘एकच प्याला’ (१९१९) मधील सिंधूचे दुःख बालगंधर्वांच्या गायनातून ऐकणाऱ्या पिढीला ‘वन्स मोअर’ ही आस्वादाची स्वाभाविक रीत वाटत होती. त्या मागणीने रसभंग होतो, हा आक्षेपही संगीत रंगभूमीवर सातत्याने घेतला गेला. परंतु पुन्हा गाण्याची मागणी करणारा प्रेक्षक दुःखाची पुनरावृत्ती मागत नसतो. दुःखाला लाभलेले रूप तो पुन्हा मागत असतो.

यावरून असे म्हणता येईल, की शोकाच्या आस्वादाला संगीत अपरिहार्य नाही. रूप मात्र अपरिहार्य आहे. संगीताने घडविलेले रूप प्रेक्षकांना एकत्र आणते आणि त्यांच्या कंठाला वाट देते. मौनाने घडविलेले रूप प्रत्येकाला त्याच्या एकटेपणात गाठते, आणि तेथे त्याला आपण एकटे नसल्याचे कळते. साधारणीकरणाच्या या दोन वाटा आहेत. रसविघ्नाच्या उपायांची अभिनवगुप्ताने केलेली गणना त्याच्या काळच्या रंगभूमीला अनुसरून होती. त्या गणनेमागील तत्त्व मात्र आजच्या प्रेक्षकाच्या दिवाणखान्यातही लागू पडते.