नव्या गावाशी मैत्री

(नोकरीमुळे, धंद्यामुळे किंवा शिक्षणासाठी माणसे एका गावातून दुसऱ्या गावात राहायला जातात. नव्या जागी मन लवकर रमत नाही. अशा वेळी तेथील डोंगर, किनारा आणि समुद्र यांची ओळख कशी करून घ्यावी व ती करताना कोणती काळजी घ्यावी, हे या पाठात सांगितले आहे.)



समजा, तुमचे कुटुंब मालेगावहून ओव्याला राहायला आले आहे. अब्बा सकाळी कामावर जातात. अम्मी घर लावण्यात गुंतलेली आहे. शाळा नवी, गल्ली नवी, दुकानदारही नवा. खिडकीतून डोंगर दिसतो, पण त्याचे नाव माहीत नाही. अशा वेळी घर एखाद्या बेटासारखे वाटते. बेटाच्या चारी बाजूंना पाणी असते, तसे तुमच्या घराच्या चारी बाजूंना अनोळखी चेहरे असतात. मग या बेटावर रुळायचे कसे?

आधी गावाची थोडी माहिती घेऊ. ओवे हे रायगड जिल्ह्याच्या पनवेल तालुक्यातील जुने गाव आहे. १९७० साली सिडको या संस्थेची स्थापना झाली. त्यानंतर ठाणे, पनवेल आणि उरण या भागांतील ९५ गावांच्या जमिनींवर नवी मुंबई उभी राहू लागली. जेथे भाताची खाचरे होती, तेथे खारघरच्या उंच इमारती आल्या. म्हणजे बदल केवळ तुमच्याच वाट्याला आलेला नाही. ज्यांचे आजोबा येथे शेती करत होते, त्या गावकऱ्यांनाही आपल्याच गावात नव्याने रुळावे लागले. म्हणून त्यांच्याशी बोलताना संकोच बाळगू नका. "काका, ही वाट कोठे जाते?" एवढे विचारले तरी ओळखीला सुरुवात होते.

आता खऱ्या बेटावरची माणसे कशी राहतात ते पाहू. मुंबईच्या समुद्रात घारापुरी नावाचे बेट आहे. तेथील लेणी जगप्रसिद्ध आहेत. १९८७ साली युनेस्कोने त्यांना जागतिक वारसा म्हणून मान्यता दिली. पर्यटक सकाळी होडीने येतात आणि संध्याकाळी परत जातात. परंतु शेतबंदर, मोराबंदर आणि राजबंदर या तीन वस्त्यांतील लोक तेथेच राहतात. समुद्राखालून केबल टाकून या बेटावर वीज आणली गेली, ती २०१८ साली! त्याआधी कित्येक पिढ्यांनी तेथे संसार केला. कशाच्या बळावर? भरती केव्हा येते, वारा कोणत्या दिशेने वाहतो, होडी केव्हा लावावी, हे त्यांना पाठ होते. आपल्या जागेची अशी माहिती असली, की माणसाला तेथे परके वाटत नाही.

तुम्हालाही अशी माहिती मिळवता येईल. त्यासाठी तीन शिक्षक आहेत : डोंगराची वाट, समुद्राचा किनारा आणि समुद्राची लाट.

पहिला शिक्षक डोंगर. ओव्याच्या जवळच खारघरचे डोंगर आहेत. डोंगरावर चाफेवाडी, फणसवाडी अशा आदिवासी वाड्या आहेत. तेथील माणसे रोज ज्या पायवाटांनी चढतात-उतरतात, त्या वाटांवर आता शहरातील लोक सकाळी फिरायला आणि पळायला येतात. डोंगरवाटेने धावणे हा आज जगभर आवडीचा खेळ झाला आहे. या खेळाला मैदान लागत नाही, चेंडू लागत नाही, की महागडे साहित्यही लागत नाही. घट्ट पकड असलेले बूट आणि पाण्याची बाटली पुरते.

सपाट रस्त्यावर पळताना नजर कोठेही फिरली तरी चालते. डोंगरात तसे चालत नाही. पुढची चार-पाच पावले कोठे पडणार, हे पाहावे लागते. चढताना पावले लहान टाकावीत. दम लागला तर सरळ चालावे. त्यात कमीपणा नाही. उतरताना गुडघे किंचित वाकवावेत आणि घाई करू नये, कारण बहुतेक मुले उतारावरच घसरतात. एकट्याने कधी जाऊ नये. कोठे चाललो, हे घरी सांगून निघावे आणि अंधार पडण्यापूर्वी परत यावे. असे चार-सहा आठवडे गेले, की कोणता पळस कधी फुलतो, कोणत्या वळणावर वारा लागतो, कोणाच्या अंगणात कुत्रा बांधलेला असतो, हे तुम्हाला न विचारता कळू लागेल.

पण हाच शिक्षक पावसाळ्यात फार कडक होतो. खारघरच्या डोंगरात पांडवकडा नावाचा धबधबा आहे. तो सुमारे १०७ मीटर उंचीवरून कोसळतो. वनवासात असताना पांडव येथे आले होते, अशी कथा लोक सांगतात. दृश्य मोठे सुंदर असते, पण जागा जीवघेणी आहे. ऑगस्ट २०१९ मध्ये चार महाविद्यालयीन मुली येथील प्रवाहात वाहून गेल्या. त्याआधीही अनेकांनी येथे प्राण गमावले आहेत. म्हणूनच पावसाळ्यात तेथे जाण्यास बंदी केली जाते.

असे का होते, ते नीट समजून घ्या. आपण खाली उभे असतो, तेथे कदाचित पाऊस पडतही नसतो. पण वर डोंगरमाथ्यावर जोराची सर येते. ते सारे पाणी उतारावरून काही मिनिटांत ओढ्यात उतरते. घोट्याएवढे पाणी बघता बघता कमरेएवढे होते. पाणी अचानक गढूळ झाले, त्यात पाने-काटक्या वाहू लागल्या किंवा पाण्याचा आवाज वाढला, तर लगेच ओढ्यापासून दूर उंच जागी जावे. मित्रांनी "भित्रा" म्हटले तरी चालेल. मनाईचा फलक लावला असेल, तेथे तर पाऊलही टाकू नये.

दुसरा शिक्षक किनारा. सुट्टीच्या दिवशी घरच्या माणसांबरोबर अलिबागला जा. तेथे समुद्रात कुलाबा किल्ला उभा आहे. ओहोटीच्या वेळी त्या किल्ल्यापर्यंत चालत जाता येते. भरतीच्या वेळी मात्र तोच किल्ला बेट होतो. ज्याला वेळ समजली नाही, तो आत अडकतो.

भरती-ओहोटी चंद्र आणि सूर्य यांच्या आकर्षणामुळे होते. एका भरतीनंतर सुमारे बारा तास पंचवीस मिनिटांनी पुन्हा भरती येते. त्यामुळे आजच्यापेक्षा उद्याची भरती सुमारे पन्नास मिनिटे उशिरा असते. अमावास्या आणि पौर्णिमा यांच्या आसपास मोठी भरती येते. तिला 'उधाण' म्हणतात. उधाणाच्या दिवसांत मुंबईच्या किनाऱ्यावर पाणी साडेचार मीटरच्याही वर चढते. अष्टमीच्या सुमारास भरती लहान असते. तिला 'भांग' म्हणतात.

आमच्या किनाऱ्यावर भरतीची वेळ काढण्याचे एक जुने गणित आहे. मराठी तिथीला तीनने गुणावे आणि चारने भागावे. उत्तर येईल, त्या सुमारास पूर्ण भरती असते. आज चतुर्थी असेल, तर चार गुणिले तीन बारा, भागिले चार तीन. म्हणजे दुपारी तीनच्या आणि पहाटे तीनच्या सुमारास पूर्ण भरती. त्यानंतर साधारण सहा तासांनी, म्हणजे नऊच्या सुमारास, पूर्ण ओहोटी. पौर्णिमेनंतर तिथी पुन्हा एकपासून मोजावी.

तुमच्या घरी चंद्राची तारीख सर्वांना ठाऊक असते. रमजान केव्हा सुरू होणार, ईद केव्हा, हे चंद्रावरूनच ठरते ना? मग हे गणित तुम्हाला सहज जमेल. ईदचा चांद दिसतो, ती साधारणपणे अमावास्येनंतरची पहिली किंवा दुसरी संध्याकाळ असते. म्हणून मराठी तिथी तुमच्या चंद्राच्या तारखेच्या एक-दोन दिवस पुढे असते. चंद्राची सात तारीख असेल, तर तिथी अष्टमी किंवा नवमी असणार. म्हणजे भरती सहा-पावणेसातच्या सुमारास. चौदाव्या रात्रीचा पूर्ण चंद्र दिसला, की समजावे, समुद्राला उधाण आहे. हे गणित अंदाजासाठी आहे. पाण्याजवळ जाण्यापूर्वी त्या दिवशीचे भरतीचे छापील वेळापत्रक पाहावे आणि किनाऱ्यावरील कोळीबांधवांना विचारावे.

तिसरी शिक्षिका लाट. लाटेवर फळी टाकून तिच्यावर उभे राहायचे आणि किनाऱ्यापर्यंत घसरत यायचे, या खेळाला सर्फिंग म्हणतात. प्रशांत महासागरातील हवाई बेटांवरचे लोक हा खेळ शेकडो वर्षांपासून खेळत आले आहेत. बेटावरच्या मुलांसाठी समुद्र हेच अंगण. २०२१ साली टोकियो येथे झालेल्या ऑलिंपिकमध्ये या खेळाचा प्रथमच समावेश झाला.

हवाईचा ड्यूक कहानामोकू हा या खेळाचा मोठा प्रचारक. १९१२ आणि १९२० सालच्या ऑलिंपिकमध्ये त्याने पोहण्यात सुवर्णपदके जिंकली. पुढे तो अमेरिकेच्या कॅलिफोर्निया राज्यात राहायला गेला. तेथे १९२५ साली मोठ्या लाटांमध्ये एक मच्छीमार नौका उलटली. ड्यूक आपली फळी घेऊन पुन्हा पुन्हा त्या लाटांत शिरला आणि त्याने एकट्याने आठ जणांचे प्राण वाचवले. खेळता खेळता त्याने लाट ओळखली होती. तीच ओळख परक्या किनाऱ्यावर दुसऱ्यांच्या कामी आली.

लाट ओळखायला शिकवणारा जाणकार हवा. तो नसेल, तर गुडघ्याच्या वर पाण्यात जाऊ नये. पावसाळ्यात आपला समुद्र खवळलेला असतो. १ जून ते ३१ जुलै या काळात यांत्रिक नौकांना मासेमारीची बंदी असते. ज्यांचा जन्म समुद्रावर गेला, ते कोळीसुद्धा त्या वेळी नौका किनाऱ्याला ओढून ठेवतात. मग आपण पाण्यात शिरणे शहाणपणाचे ठरेल का?

आणखी एक गोष्ट लक्षात ठेवा. काही ठिकाणी किनाऱ्यावर आलेले पाणी एका अरुंद पट्ट्यातून जोराने आत परत जाते. तो ओढा माणसाला खोल पाण्यात नेतो. अशा वेळी सरळ किनाऱ्याकडे पोहण्याचा हट्ट धरला, तर माणूस थकतो आणि बुडतो. घाबरू नये. शरीर तरंगत ठेवावे, हात वर करून मदत मागावी आणि पोहता येत असेल, तर किनाऱ्याला समांतर पोहत ओढ्याच्या बाहेर पडावे. बुडणाऱ्याला वाचवण्यासाठी स्वतः उडी घेऊ नये. दोर, बांबू किंवा रिकामा बंद डबा त्याच्याकडे फेकावा आणि जीवरक्षकाला हाक मारावी.

या तीन शिक्षकांबरोबर राहताना तुमची मराठीही सुधारेल. गंमत पाहा. उर्दूत 'दर्या' म्हणजे नदी, पण आमच्या किनाऱ्यावर 'दर्या' म्हणजे समुद्र. 'मौज' हा शब्द मूळचा अरबी. त्याचा अर्थ लाट. उर्दूत तो लाट आणि आनंद अशा दोन्ही अर्थांनी येतो. मराठीत मात्र मौज म्हणजे केवळ आनंद. 'किनारा', 'जहाज', 'तुफान', 'खलाशी', 'हवा' हे शब्द तर दोन्ही भाषांत तुमच्या ओळखीचेच आहेत. जुन्या काळी अरबी आणि फारसी बोलणारे खलाशी या किनाऱ्यावर उतरले, येथील लोकांशी त्यांनी व्यापार केला, तेव्हा मालाबरोबर शब्दही उतरले. ते शब्द येथे असे रुळले, की आज त्यांना कोणी परके म्हणत नाही.

मित्रांनो, तुम्हीही असेच रुळाल. या रविवारी खिडकीतून दिसणाऱ्या डोंगराचे नाव शेजाऱ्यांना विचारा. त्यांच्या मुलांना बरोबर घ्या आणि पायथ्यापर्यंत जाऊन या. पुढच्या वर्षी तुमच्या वर्गात एखादा नवा मुलगा किंवा नवी मुलगी येईल. त्या वेळी वाट दाखवायला तुम्हीच पुढे व्हा.

शब्दार्थ
रुळणे : सवय होणे, मिसळून जाणे
खाचर : भाताचे बांध घातलेले शेत
वाडी : लहान वस्ती
गढूळ : माती मिसळलेले, अस्वच्छ (पाणी)
उधाण : समुद्राची मोठी भरती
भांग : समुद्राची लहान भरती
समांतर : सारख्या अंतरावरून बरोबरीने जाणारे
जीवरक्षक : बुडणाऱ्याचे प्राण वाचवणारा

स्वाध्याय

प्र. १. एका वाक्यात उत्तरे लिहा.
(अ) ओवे हे गाव कोणत्या तालुक्यात आहे?
(आ) घारापुरी बेटावरील तीन वस्त्यांची नावे कोणती?
(इ) उधाण केव्हा येते?
(ई) ड्यूक कहानामोकूने किती जणांचे प्राण वाचवले?

प्र. २. कारणे लिहा.
(अ) पावसाळ्यात पांडवकड्याला जाण्यास बंदी केली जाते.
(आ) कुलाबा किल्ल्यात जाताना भरतीची वेळ पाहावी लागते.

प्र. ३. आज चंद्राची कोणती तारीख आहे ते घरी विचारा. त्यावरून भरतीची अंदाजे वेळ काढा.

प्र. ४. खालील शब्दांचा मराठीत व उर्दूत कोणता अर्थ आहे, ते लिहा.
दर्या, मौज, किनारा, तुफान

उपक्रम : तुमच्या घरापासून जवळच्या टेकडीपर्यंत, तळ्यापर्यंत किंवा किनाऱ्यापर्यंत जाणाऱ्या वाटेचा नकाशा काढा. धोक्याच्या जागा लाल रंगाने दाखवा आणि तो नकाशा वर्गात लावा.