घरासाठी दिलेले पत्नीचे सोने : हिबा, कर्ज की हिस्सा?



भाड्याच्या खोलीतून स्वतःच्या घरात जाण्याचा दिवस पती-पत्नी दोघांच्याही स्मरणात राहतो. घरातला विसावा ही अल्लाहची देणगी आहे, याची आठवण दिव्य कुरआनने सूरह अन्-नहलमध्ये (१६:८०) करून दिली आहे. व्याजी कर्ज टाळावे किंवा निदान कमी घ्यावे, म्हणून आपल्याकडे पुष्कळ कुटुंबांत पत्नीचे दागिने मोडून आगाऊ रक्कम भरली जाते. हेतू चांगलाच आहे. मात्र ते सोने तिने कोणत्या नात्याने दिले, हे त्या दिवशी कोणीच विचारत नाही.

शरीअतनुसार पत्नीला राहायला घर देणे ही पतीची जबाबदारी आहे. महर आणि तिच्या मालकीचे दागिने हे सर्वस्वी तिचे धन. आदरणीय अब्दुल्लाह बिन मसऊद (रजि.) यांच्या पत्नी झैनब (रजि.) यांनी आपल्या गरीब पतीवर खर्च केलेला सदका ठरेल काय, असे विचारले, तेव्हा प्रेषित मुहम्मद (स.) यांनी त्यात दुप्पट पुण्य असल्याचे सांगितले. पती-पत्नीचे धन एकच मानले असते तर सदक्याचा प्रश्नच उद्भवला नसता.

म्हणून पत्नीने दिलेली रक्कम तीनपैकी एका प्रकारची असते : हिबा म्हणजे बक्षीस, कर्ज किंवा घरातील हिस्सा. हिबा असेल आणि ताबा दिला गेला असेल, तर हनफी असोत वा कोकणातील शाफिई, दोन्ही मतांनुसार तो पतीकडून परत मागता येत नाही. मात्र हिबा राजीखुशीचा हवा. महर सोडण्यासाठीही सूरह अन्-निसाने (४:४) मनाच्या खुशीची अट घातली आहे. सासरची सगळी मंडळी भोवती बसलेली असताना विचारलेल्या प्रश्नाला मिळालेला होकार खुशीचाच असतो, असे मानणे मला कठीण वाटते.

हा प्रश्न न सोडवल्यास काय होते, ते एका कल्पित हिशोबाने पाहू. घर ४८ लाखांचे; त्यात पत्नीच्या दागिन्यांचे १२ लाख. खरेदीखत पतीच्या एकट्याच्या नावावर. दहा वर्षांनी घराची किंमत ७२ लाख झाली आणि पतीचे निधन झाले. मागे पत्नी, आई, एक मुलगा व एक मुलगी. कुठेच काही लिहिलेले नसल्याने सर्व ७२ लाख वारशात धरले जातात. आईचा सहावा भाग १२ लाख, पत्नीचा आठवा भाग ९ लाख. तेच १२ लाख कर्ज म्हणून नोंदवले असते, तर वाटणीपूर्वी ते फेडले गेले असते. उरलेल्या ६० लाखांतून साडेसात लाख मिळून तिच्या हाती साडेएकोणीस लाख आले असते. चौथा हिस्सा म्हणून नोंद असती, तर १८ लाख आधीच तिचे. उरलेल्या ५४ लाखांचा आठवा भाग धरून एकूण पावणेपंचवीस लाख. अशा वेळी सासूने आपला वाटा घेतला तर तिला दोष देता येत नाही. तो कुरआननेच ठरवलेला आहे. चूक दहा वर्षांपूर्वीच्या मौनाची असते.

सूरह अल-बकराच्या २८२ व्या आयतीत देणे-घेणे, लहान असो वा मोठे, मुदतीसह लिहून ठेवण्याचा आदेश आहे. मजकूर सांगण्याचे काम ज्याच्यावर देणे आहे त्याच्यावर सोपवले आहे. म्हणजे हा विषय पत्नीने संकोचाने काढायचा नसून पतीने काढायचा आहे. मदीनेतील मशिदीची जागा सहल आणि सुहैल या दोन अनाथ मुलांची होती. ती मोफत देण्याची त्यांची तयारी असतानाही प्रेषितांनी (स.) ती विकत घेतली.

याच्या उलट प्रकारही आता दिसतो. महाराष्ट्रात २०२१ पासून केवळ स्त्रीच्या नावे घर घेतल्यास मुद्रांक शुल्कात १ टक्का सवलत मिळते. म्हणून पैसा पतीचा आणि नाव पत्नीचे. हा हिबा आहे की निव्वळ सोय? ती आधी वारली, तर तिच्या आईवडिलांचाही प्रत्येकी सहावा भाग त्या घरात निघतो. मग ‘नाव फक्त सवलतीपुरते होते’ हे त्यांना कोण आणि कशाच्या आधारे पटवणार? ४८ लाखांच्या घरावर ही सवलत ४८ हजारांची आहे. दोघांचे पैसे असतील तर ती सोडून खरेदीखतात दोघांची नावे आणि प्रत्येकाचा हिस्सा स्पष्ट लिहावा, हे मला अधिक योग्य वाटते.

खरेदीखत आधीच पतीच्या नावे झाले असेल, तर हिस्सा देण्यासाठी नोंदणीकृत दस्त करावा लागेल. त्यासाठी वकिलाला विचारावे. कर्ज असेल तर पतीने तारीख घालून, दोन साक्षीदारांसमोर कबुलीपत्र लिहून द्यावे. सोने वजनावर उसने दिले असेल तर रुपये न लिहिता तोळे लिहावेत, कारण परतफेड तितक्याच वजनाची होईल. कागद पत्नीजवळ राहावा, आणि तो लिहिल्याचे सामान हलवण्यापूर्वीच पतीने आपल्या आईलाही सांगावे.