बांधावरील शिकारी माशी

पैठण तालुक्यातील पाचोडच्या परिसरात मोसंबीच्या बागा, कपाशीची शेते व त्यांमधील गवताळ बांध जागोजागी दृष्टीस पडतात. पावसाळ्यात उघडीप होऊन ऊन पडले असता बांधावरच्या एखाद्या वाळक्या काडीकडे निरखून पाहावे. लांब, निमुळत्या पोटाची एक माशी तेथे निश्चल बसलेली आढळते. घरातील माशीप्रमाणे ही उष्ट्याखरकट्यावर बसत नाही. ही शिकार करते. इंग्रजीत हिला ‘रॉबर फ्लाय’, म्हणजे दरोडेखोर माशी, असे नाव आहे. हिच्या कुळातील सात हजारांहून अधिक जाती जगात ज्ञात आहेत.

जवळून एखादा कीटक उडत गेला की ही झेप घेते, काटेरी पायांच्या कवेत त्यास हवेतच पकडते व बहुधा त्याच काडीवर परत येते. मग सोंड खुपसून त्याच्या शरीरात लाळ सोडते. लाळेने भक्ष्य लुळे पडते, आतील भाग पातळ होतो व तो रस ती शोषून घेते. धडपडणाऱ्या भक्ष्यापासून रक्षण व्हावे म्हणून हिच्या तोंडावर राठ केसांची दाढी असते. माशीला दाढी, हे ऐकून मुलांस हसू येईल, येऊ द्यावे.

ही शेतकऱ्याची मित्र आहे काय? सरसकट तसे म्हणता येत नाही. नाकतोडे, भुंगेरे यांबरोबर ती उपयुक्त मधमाशीसही मारते. परंतु हिच्या अनेक जातींच्या अळ्या जमिनीत राहून भुंगेऱ्यांच्या अळ्या खातात, आणि पिकांची मुळे कुरतडणारी हुमणी ही भुंगेऱ्याचीच अळी होय. हे काम मातीखाली चालत असल्याने कोणाच्या ध्यानात येत नाही. बांध नांगरला म्हणजे अळीचे घर मोडते. गवत पेटविले म्हणजे बसावयाची काडी व भक्ष्य दोन्ही जातात. कीटकनाशकाच्या फवाऱ्यास तर शत्रू-मित्र हा भेदच ठाऊक नसतो.

शिक्षकांनी ऊन चढल्यावर मुलांस बांधावर न्यावे. माशी हातात धरू देऊ नये. दाबली गेल्यास ती सोंडेने दंश करते व तो फार झोंबतो. दोन-तीन हातांवरून एकच काडी पाहावी. पाव तासात माशी किती वेळा उडाली, किती वेळा भक्ष्य घेऊन आली व किती वेळा रिकामी परतली, ह्याची नोंद मुलांनी वहीत करावी. रिकाम्या फेऱ्याच बहुधा अधिक भरतील. त्याही लिहून घ्याव्यात.